भरतीचं पाणी

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज रोझरी मातेचा सण. चर्चमध्ये सकाळची मिस्सा आटोपून घरी आले तर अँथनी ओट्यावर पाय पसरून बसलेला आणि नडगीला माझा भांडी पुसायचा फडका गुंडाळलेला. केळीचा लोंगर उतरवून खोड तोडत होता, तेवढ्यात कोयता निसटला. जखम बोटभर लांब, फार खोल नाही. तरी रक्त बघून मी चप्पल न काढताच आत पळाले आणि कशाला आले तेच विसरले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्याला काही लागलं की मला अजून तसंच होतं.

नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं. त्यांनी पट्टी बांधली आणि जखम कोरडी ठेवा म्हणाले.

कोरडी! पप्पा असते तर हसले असते. माझ्या माहेरी, अर्नाळ्यात, शिंगाळा माशाचा काटा लागो की गंजका पत्रा, पप्पा आधी पाय समुद्रात बुडवायला लावत. तेही भरतीच्या पाण्यात. ओहोटीचं पाणी घाण घेऊन परत जातं, ते जखमेला लावायचं नाही. भरतीचं पाणी नवं असतं, त्यानं जखम भरून येते, असं ते म्हणत. आम्हा भावंडांच्या सगळ्या जखमा तशाच भरल्या. मी वसईला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये होते तेव्हा गुडघा फुटला की सिस्टर क्लोटिल्डा कसलंसं औषध लावायच्या आणि मी रडायचे. त्यांना वाटायचं झोंबतंय म्हणून रडते. मला घरच्या समुद्राची आठवण यायची.

एस्थर वहिनी, म्हणजे माझ्या भावाची बायको, अर्नाळ्याहून मासळीची पाटी घेऊन आमच्या नंदाखालला येते. तिला फोन केला. तिनं भरती लागल्यावर होड्या उभ्या राहतात तिथून, खाडीच्या तोंडाशी, कॅन भरून आणला.

"आता मच्छीसंगती पानी पन विकते," म्हणाली. "घे, ताजं हाय."

पाणी गार होतं, म्हणून कॅन अंगणात उन्हात ठेवला. ऑक्टोबरचं ऊन! दुपारपर्यंत छान कोमट झालं. पट्टी सोडून अँथनीचा पाय घमेल्यात बुडवला आणि मीच हातानं वरून पाणी सोडत बसले.

"आमच्यात खारं पानी लोनच्याला घालतात," अँथनी म्हणाला. "मी काय आंबा हाय काय गो?"

"आंबा असतास तर गोड बोलला असतास."

तो हसला. बागायती घरातला माणूस. समुद्र सायकलनं इतका जवळ, पण सगळ्या आयुष्यात घोट्याच्या वर पाण्यात गेलेला नाही. माझ्यासाठी त्यानं पाय तरी बुडवला.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी पुन्हा पाय बुडवला. कॅनमध्ये अर्धं पाणी उरलं होतं, तेच वापरलं. किंचित वास येत होता, पण समुद्राचा वास मला कधी घाण वाटला नाही. जखमेच्या कडा लाल आहेत. भरून येताना होतातच.

संध्याकाळी पाय दुखत असूनही अँथनी लंगडत शेजारच्या सॅन्टनकडे रोझरीला गेला. नको जाऊस म्हटलं तरी ऐकेना. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दारू बंद करायला सांगितली, तेव्हापासून एक संध्याकाळ चुकवत नाही. रविवारी आम्ही दोघं चर्चमध्ये असतो; बाकी सहा दिवस सॅन्टनच्या घरची जपमाळ. परत येतो तेव्हा तोंडात बडीशेप असते आणि डोळे पाणावलेले. प्रार्थनेनं माणूस असा मऊ होतो, हे मी सिस्टर क्लोटिल्डांकडून ऐकलं होतं, अँथनीमध्ये पाहिलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ताप आला. थंडी वाजून आला.

पाय मला समजत नाही. लाल झालेला भाग तळहाताएवढाच आहे, पण चादरीचं टोक लागलं तरी तो ओरडतो. अँथनी ओरडणारा माणूस नाही. दाढ काढली तेव्हा हा डॉक्टरशी केळीच्या भावावर बोलत होता. दिसतं तेवढ्याच्या मानानं हे दुखणं फार मोठं आहे, एवढं मलाही कळतं.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सूज आहे, उतरेल. नाही उतरली तर उद्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या. वहिनीला फोन करून आणखी पाणी मागितलं, पण संध्याकाळी मी पुन्हा पाणी लावू का विचारलं तर त्यानं माझा हात झटकला. असं कधी करत नाही.

मुलाला, केल्विनला, दुबईला फोन केला. किरकोळ लागलंय म्हणून सांगितलं. तो एवढ्या लांबून काय करणार?

मला भीती वाटते आहे. कशाची ते नीट सांगता येत नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. अँथनीला ऑपरेशनला नेलं आहे. नुसतं दाराकडे बघत बसवत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

सकाळी पांघरूण बाजूला केलं आणि मागेच सरले. नडगीवर फोड आले होते, काळ्या द्राक्षांसारखे, जांभळे, आत रक्ताळलेलं पाणी. काल तळहाताएवढी असलेली लाली गुडघ्याला टेकली होती. मी हाक मारली तर त्यानं माझ्याकडे बघून त्याच्या आईला हाक मारली. त्या क्षणी मला वाटलं, हा चालला.

सॅन्टन धावत आला. त्याच्या फुलांच्या टेम्पोत मागे गादी घालून आणलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला अँथनी कण्हत होता आणि सॅन्टन पुढून "सॉरी रे, सॉरी रे" म्हणत होता.

इथल्या सर्जन डॉक्टर रचना म्हणून आहेत. केल्विनहून लहान असतील. पाय बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पेन काढलं आणि लालीच्या कडेनं पायावर रेघ ओढली, नकाशात काढतात तशी. मग एकामागून एक प्रश्न.

"कशानं लागलं, आंटी?"

"कोयत्यानं. केळीच्या बागेत."

"शेणखत घालता?"

"घालतो की."

त्यांनी रेघेच्या आत बोटांनी हळूहळू दाबून पाहिलं. अँथनी किंचाळला. त्या दाबतच राहिल्या, काही ऐकत असल्यासारख्या. मी विचारलं, काय बघता? म्हणाल्या, "मातीतले, शेणातले काही जंतू मांसात हवा तयार करतात. दाबलं की बोटाला बारीक कुरकुर लागते. इथं लागत नाही."

"म्हणजे चांगलं ना?"

"म्हणजे दुसरं काहीतरी आहे." आणि माझ्याकडे वळून बोलल्या, घाईत असूनही सावकाश. "असा पाय बऱ्याच जंतूंनी होतो. मातीतला वेगळा, आपल्या कातडीवरचा वेगळा, तळ्यातला वेगळा. वरून सगळे सारखे दिसतात, औषधं मात्र सारखी नाहीत. मी मोठी औषधं सुरू केलीत, पण चोर कोण ते कळलं तर बरं. रिपोर्ट उद्या येईल. हा पाय उद्यापर्यंत थांबणार नाही. ते बघा."

मी बघितलं. लाली रेघेच्या बाहेर गेली होती. आम्ही बोलत होतो तेवढ्यात.

"दारू घेतात?"

"दोन वर्षं थेंब नाही. शपथेवर सांगते."

सॅन्टन उठून बाहेर गेला. फार हळवा आहे, त्याला अँथनीचे हाल बघवत नव्हते.

"समुद्रात, खाडीत उतरले होते?"

"छे! हा समुद्राला घाबरतो."

"बरं. घरी जखमेला काय लावलं? हळद, चुना, तंबाखूची राख, शेण, काहीही असो. सांगा. मी रागावणार नाही."

मला खरंच वाईट वाटलं. ओळीनं अडाणी बायकांना विचारतात तसं मला विचारत होत्या. मी म्हटलं, "डॉक्टर, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. असलं काही मी लावत नाही. मी फक्त समुद्राचं पाणी मागवून त्यात पाय स्वच्छ धुतला. दोनदा. कोमट करून."

त्यांचं पेन थांबलं.

"उकळून?"

"नाही, उन्हात ठेवून."

"कुठलं पाणी?"

"अर्नाळ्याचं. होड्या लागतात तिथलं. भरतीचं."

दारात जाऊन त्यांनी मोठ्यानं एका औषधाचं नाव सांगितलं, मग ते लगेच, आत्ता, असं दोनदा म्हणाल्या. नर्स पळाली. लॅबला फोन केला, ऑपरेशनच्या खोलीत फोन केला. सगळे एकदम हलायला लागले. अँथनीचा पलंग ढकलत नेताना डॉक्टर रचना माझ्याजवळ थांबल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हे सांगितलंत ते फार बरं केलंत."

इतक्या भीतीतही मला तेवढाच धीर आला. या सगळ्यात निदान एक गोष्ट माझ्या हातून नीट झाली. घरच्यांनी पायाची काळजी घेतली होती हे त्यांना कळलं.

अजून दार उघडलेलं नाही. जपमाळेचे मणी मोजताना मी सारखी चुकते आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

कालचं पान आत्ता वाचलं. शेवटच्या ओळी फाडून टाकाव्यात असं वाटलं. राहू दे.

ऑपरेशन झालं, पण अँथनी शुद्धीवर नाही. मशीन त्याच्यासाठी श्वास घेतं. नडगीवरचं कातडं आणि खालचं बरंच सडलेलं मांस काढून टाकलं आहे. दिसत होतं त्यापेक्षा आत खूप लांबवर पसरलं होतं म्हणे. काचेतून मला फक्त पांढरी पट्टी दिसते.

डॉक्टर रचनांनी मला खोलीत बोलावून खुर्चीवर बसवलं. फोडातलं पाणी त्यांनी लॅबमध्ये पाहायला पाठवलं होतं. जंतू दिसला. वाकडी काडी आहे, म्हणाल्या, स्वल्पविरामासारखी. नक्की नाव कळायला अजून काही दिवस लागतील, पण त्यांची खात्री आहे.

"हा खाऱ्या पाण्यात राहतो, आंटी. खाडीच्या तोंडाशी जास्त. पाणी जितकं कोमट, तितका वाढतो."

मी विचारलं, "म्हणजे मी?"

"म्हणजे पाण्यातून. आणि तुम्ही सांगितलंत म्हणून त्याचं औषध कालच सुरू झालं. नाहीतर आज सकाळी माझ्याकडे तुम्हाला सांगण्यासारखं काही उरलं नसतं."

त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. मला त्यातलं पहिलंच ऐकू येत राहिलं.

मी उन्हात ठेवलं. त्याला झोंबू नये म्हणून. मीच हातानं पाणी सोडत होते.

सिस्टर क्लोटिल्डा शुद्धलेखन घालताना सांगत, स्वल्पविराम आला की क्षणभर थांबून श्वास घ्यायचा. मुलींनो, श्वास घ्या. आम्ही सगळ्या एकदम श्वास घ्यायचो आणि हसायचो. आज काचेजवळ उभी होते, मशीन त्याची छाती वर करत होतं, खाली आणत होतं, आणि मला ते आठवलं. का आठवावं?

मी डॉक्टरांना म्हटलं, पण आम्ही सगळे त्याच पाण्यात वाढलो. माझ्या वहिनीच्या टाचांना भेगा आहेत, ती रोज त्यात उभी असते. तिला काही होत नाही. त्या म्हणाल्या, धडधाकट माणसाला हा जंतू सहसा काही करत नाही. लिव्हर खराब असेल तर मात्र सोडत नाही. "यांची लिव्हर खूप खराब आहे. दारू दोन वर्षं बंद आहे म्हणालात ना?"

मी हो म्हटलं. पुन्हा हो म्हटलं.

बाहेर सॅन्टन भिंतीला टेकून उभा होता. त्यानं आतलं ऐकलं असावं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वैनी, दोन पेग. कधी तीन."

"काय दोन पेग?"

"रोझरी झाल्यावर."

"रोज?"

"रविवारी नाय."

"रविवारी का नाही?"

"रविवारी तू संगती असतेस ना."

तो गालावरून हात फिरवत म्हणाला, "पन रोझरी पूर्ण म्हनायचो, वैनी. पाचही रहस्यं. देवाशपथ."

तो जाऊन डॉक्टरांना सांगून आला, एवढं त्याचं खरं. माझं मात्र खरं सांगायचं तर मला क्षणभर हलकं वाटलं. माझ्या बाजूला उभं राहायला कोणीतरी गुन्हेगार मिळाला. आणि लगेच स्वतःचीच भीती वाटली, की नवरा आत असा पडलेला आणि मी हिशेब कसला करते आहे?

दुपारी एस्थर वहिनी आली. अर्नाळ्याहून दोन रिक्षा बदलून. मला मिठी मारून रडली, मग इकडेतिकडे बघून पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली.

"परवा मागितलंस ना तू? आज आनलं. आजच्या भरतीचं हाय. नर्स इकडंतिकडं झाली की जरा लाव गो त्याला."

बाटलीतलं पाणी अगदी स्वच्छ होतं. उजेडात चमकत होतं. मी ती अशी हिसकावून घेतली की वहिनी दचकली. बेसिनमध्ये ओतलं. नळ सोडून ठेवला. बेसिन साबणानं घासलं, मग हात घासले, मग पुन्हा बेसिन घासलं, मग आठवलं की मगाशी त्याच हातानं नळ धरला होता, नळ घासला. वहिनी दारात उभी राहून बघत होती.

"काय झालं गो? पानी खराब झालं काय?"

"इथले डॉक्टर चालू देत नाहीत," मी म्हटलं.

"डॉक्टरांना काय कळतं समुद्राचं?" ती म्हणाली आणि माझे ओले हात आपल्या पदराला पुसू लागली.

तिला मी काहीच सांगितलं नाही. कॅन तिनं भरला होता. मी सांगितलं तर ती उद्यापासून पाण्यात पाय कसा घालील?

१२ ऑक्टोबर, रविवार

बोर्डिंगात गोवर आला होता तेव्हा एकदा, आणि आज. एरवी रविवारची मिस्सा मी चुकवलेली मला आठवत नाही.

सकाळी पट्टी सोडून पाहिली, जंतू अजून वर सरकला आहे. आज पुन्हा ऑपरेशन. डॉक्टर रचना म्हणाल्या, "आतलं मांस बघून मी तिथंच ठरवीन. वाचण्यासारखा असेल तर पाय वाचवीन. गुडघ्याच्या वर गेलं असेल तर मांडीतून काढीन, नाहीतर पाय आणि माणूस दोन्ही जातील. तेव्हा बाहेर येऊन तुम्हाला विचारायला वेळ नसेल. आता दोन्हीसाठी सही करा."

त्या म्हणाल्या ते सगळं मला समजलं.

केल्विनला फोन केला. या वेळी किरकोळ म्हणाले नाही. तो रडायला लागला, मग मोठ्या माणसासारखा म्हणाला, "ममा, सही कर. पप्पा पायाशिवाय चालतील." त्याचं त्यालाच कळलं काय बोलला ते. आम्ही दोघंही हसलो आणि मग दोघांनाही हसल्याची लाज वाटली. तिकीट मिळालं की येतो म्हणाला.

अँथनीला विचारता आलं असतं तर तो काय म्हणाला असता? पहाटे उठून बागेत चक्कर मारल्याशिवाय चहा न पिणारा माणूस. वाफ्यात उतरायचं, खोडाला खांदा लावायचा, पाण्याचा पाट वळवायचा. मी सही केली. माझी सही सिस्टरांनी शिकवलेल्या अक्षरात असते, सरळ, गोल. आजची बघून कोणी ओळखणार नाही.

फादर येऊन गेले. आत जाऊन पवित्र तेल लावलं. तेल लावतात ते बरं होण्यासाठी, मरणासाठी नव्हे, हे मी स्वतः धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवते. आज मला एवढंच कळलं की फादरांना कोणीतरी बोलावलं होतं, आणि ते मी नव्हते.

आत नेलं तेव्हापासून वॉर्डबॉय एखादी बादली, एखादी गुंडाळी घेऊन दारातून बाहेर येतो का, एवढंच मी बघते आहे. असलं मनात आणू नये. पण डोळे तिकडेच जातात.

नंतर: पाय ठेवला आहे. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूचं सगळं काढलं, पण पाय ठेवला आहे. "आजपुरता," असं डॉक्टर म्हणाल्या.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ताप तसाच. रक्तदाबाचं औषध कमी करता येत नाही. डॉक्टर रचना सकाळी आल्या, बघून गेल्या, माझ्याशी बोलल्या नाहीत. न बोलण्याचा अर्थ काय लावायचा?

वहिनीनं भात आणि बोंबलाचं कालवण पाठवलं. वासच सहन झाला नाही. मला, अर्नाळ्याच्या मुलीला. डबा तसाच सॅन्टनला दिला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नळी काढली. स्वतः श्वास घेतो आहे. मी हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं.

डोळे उघडले, मला बघितलं. ओठ हलवले. कान जवळ नेला तर म्हणाला, "पाट कोन वळवतो?" बागेला पाणी कोण देतं, हे विचारत होता. सॅन्टन देतो म्हटलं. "तो? त्याला कुठं समजतं," म्हणाला आणि झोपला.

मोठा रिपोर्टही आला. जंतूचं नाव लॅटिन आहे. शाळेत लॅटिन गाणी पाठ होती म्हणून मी डॉक्टरांना अर्थ विचारला. जखमा करणारा, असा काहीतरी. ते नाव मी इथं लिहिणार नाही.

आता नवी भीती. तो विचारणार. काय सांगू?

माझं एक मन म्हणतं, कोयत्याचं सांगावं. कोयता लागला हे खरंच आहे. डॉक्टरही काही बोलणार नाहीत. तो बिचारा जन्मभर कोयत्याला शिव्या देईल आणि रात्री माझ्याशेजारी शांत झोपेल.

१९ ऑक्टोबर, रविवार

वॉर्डाच्या दाराशी नर्सनी दिवाळीची रांगोळी काढली आहे. केल्विनला तिकीट मिळालं, मंगळवारी पोचेल.

आज पट्टी बदलताना अँथनी पूर्ण शुद्धीवर होता. एरवी मला बाहेर बसवतात. आज त्यानं माझा हात सोडला नाही, म्हणून डॉक्टर रचना म्हणाल्या, राहू दे त्यांना. मी त्याच्या डोक्याशी बसले, पायाकडे पाठ करून. इतके दिवस मी तो पाय पट्टीशिवाय पाहिलेला नाही. पाहायचाही नव्हता.

सोडता सोडता पट्टी चिकटली, तो विव्हळला. मग दम घेऊन म्हणाला, "डॉक्टर, एवढुशा कोयत्यानं एवढं कसं झालं?"

डॉक्टर रचनांनी हात थांबवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पट्टीकडे बघितलं. उत्तर त्यांनी माझ्यावर सोडलं.

कोयता, एवढा एकच शब्द मला म्हणायचा होता. तो जिभेवर आलाही.

"कोयत्यानं नाही," मी म्हटलं. "माझ्या पाण्यानं. मी पाय बुडवला ना, त्या पाण्यात जंतू होता. मी ते उन्हात ठेवलं, तो आणखी वाढला."

बाहेर कुठेतरी फटाक्यांची माळ लागली आणि संपली.

"सगल्यांना होतं?" त्यानं डॉक्टरांना विचारलं.

"नाही. लिव्हर खराब असेल त्यांना."

अँथनी माझ्याकडे न बघता म्हणाला, "सॅन्टननं सांगितलं?"

"सांगितलं."

"सगलं?"

"रविवार सोडून सगळं."

त्यानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता हा माझा हात सोडील. त्यानं सोडला नाही. उलट इतका दाबला की माझी अंगठी बोटात रुतली.

"मंग तिकडं तोंड फिरवून कशाला बसलीस?" तो म्हणाला. "वळ. बघ नीट. मला झोपून दिसत नाय. काय केलं आपन दोघांनी, तू बघ आनि मला सांग. आनि बरंबरं करून सांगू नको."

मी वळले.

काय पाहिलं ते लिहिते. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत बाहेरच्या बाजूला कातडं नाही. एक लांब खळगा आहे, त्यात पांढरी दोरी दिसते, ती स्नायूला हाडाशी बांधते, असं डॉक्टर म्हणाल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं, वाळलेलं. ती दोन जातील. मी त्याला एकेक करून सांगितलं. तो "हं, हं" म्हणत ऐकत होता, बागेतली नासाडी ऐकावी तसा.

"मधे कसं हाय? जिथं नाय कातडं?"

"लाल."

"लाल म्हंजे? पिकलंय?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी ओल्या कापसानं त्या लाल जागेवर हलकेच घासलं, आणि मला म्हणाल्या, "आंटी, जवळ या. बघा. मेलेलं असतं तर घासल्यावर पांढरं किंवा करडं राहिलं असतं."

मी वाकले. एका ठिकाणी बारीक थेंब वर आला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग कितीतरी, टाचणीच्या टोकाएवढे, एकदम.

"काय झालं गो?" अँथनी ओरडला. "बोल ना!"

"रक्त येतंय," मी म्हटलं.

"मंग रडतेस कशाला?"

"रक्त येतंय रे, अँथनी. सगळीकडून येतंय."